उभी बैठक

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना होता. वरच्या मजल्यांवर माणसं बरी व्हायची किंवा व्हायची नाहीत, खाली मात्र चादरींचा ओघ कधी आटला नाही. मळक्या चादरी एका दाराने ढकलगाड्यांतून आत यायच्या आणि धुऊन, पिळून, गरम रोलरखालून सपाट होऊन, घडी घालून दुसऱ्या दाराने वर जायच्या. चादरीच्या गुंडाळीतून कधी कुणाचा चष्मा निघायचा, कधी कवळी. एकदा खेळण्यातला बोलका पोपट निघाला आणि 'मला उचल' म्हणाला, तेव्हा मळकं वेगळं करणाऱ्या मावशी किंचाळून टेबलामागे लपल्या. ती गोष्ट नवी बाई कामाला लागली की तिला पहिल्याच दिवशी ऐकवली जायची.

थोरली इथे कित्येक वर्षं रोलरवर होती. माहेरी ती बहिणींत थोरली, म्हणून सगळे थोरली म्हणायचे, आणि ते नाव तिच्या मागोमाग कामावरही आलं. रोलरवर एकटीचं काम नसतं. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून, ताणून, एकाच वेळी रोलरच्या तोंडाशी लावायची असते. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते. थोरलीच्या जोडीला बिजली होती. बिजलीचे हात असे चालायचे की जुना मुकादमसुद्धा तिच्यावर ओरडायचं विसरायचा. दोघींना एकमेकींकडे बघावंही लागत नसे. चादरी आत जात असत आणि बिजलीचं तोंड चालू असे: सासूची नक्कल, शेजारणीची भांडणं, नवऱ्याचं घोरणं. थोरली फक्त हसायची.

मुकादम निवृत्त झाला आणि नवे साहेब आले. वयाने तरुण, बाह्या दुमडलेल्या, आणि येताजाता सगळ्यांना 'नमस्कार' म्हणणारे. मावशी म्हणाल्या, या माणसाचं काहीतरी बिनसलंय. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना जमवून सांगितलं की मुकादम आता बाहेरून आणायचा नाही, तुमच्यातलीच एक प्रमुख होईल, तुम्हीच सुचवा. सगळ्या फरशीकडे बघत राहिल्या. मग बिजली बोलली.

"हिला करा. हिला राग येत नाही आणि हिला कुणी फसवू शकत नाही."

थोरलीने नको नको म्हणून पाहिलं. पण बिजलीने एकदा बोट धरलं की सोडत नसे. संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत बायकांनी तिला खोटा खोटा सलाम ठोकला, मावशींनी तिच्या डोक्यावर उशीचा अभ्रा मुकुटासारखा चढवला, आणि सगळ्या पोट धरून हसल्या. आपण त्यांच्यातली म्हणून इतकं हसण्याची ही शेवटची वेळ, हे थोरलीला तेव्हा कुठून कळणार?

साहेबांनी तिला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे निरनिराळ्या कारखान्यांतले प्रमुख आले होते, बहुतेक सगळे पुरुष. शिकवणाऱ्या बाई मोठ्या गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की धाकाने काम होतं, पण धाकाने चुकाही लपतात, आणि लपलेली चूक वाढत जाते. म्हणून चूक सांगणाऱ्याला शिक्षा करू नका. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहून बोला. प्रमुखाने शेवटी बोलावं, आधी ऐकावं. थोरलीला हे सगळं आपल्याच मनातलं वाटलं. मुकादमाच्या काळात एकदा धुण्याच्या यंत्रात औषध जास्त पडलं होतं आणि ते कुणी कबूल केलं नव्हतं. वरच्या पेशंटांच्या पाठी लाल झाल्या तेव्हा कुठे कळलं. असं आपल्या हाताखाली होऊ द्यायचं नाही, असं ठरवून ती परतली.

पहिल्या सकाळी तिने उभी बैठक भरवली.

"उभ्याने कसली बैठक?" मावशी म्हणाल्या. "उठक म्हण की मग."

सगळ्या हसल्या, थोरलीही हसली. मग तिने विचारलं की काम करताना काय अडचणी येतात. हसू जागच्या जागी विरलं. सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. यंत्रं घुरघुरत होती, वाफ छताला लागत होती, आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या बायका आपापल्या चपला निरखत होत्या.

हे रोजचंच झालं. बैठकीतच नव्हे, एरवीही. ती घडीच्या टेबलाजवळ गेली की तिथलं बोलणं तुटायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ती नेहमीच्या बाकावर बसायला गेली, तर सगळ्या घाईघाईने सरकल्या, इतकी जागा केली की दोघी बसल्या असत्या, आणि उकाड्याविषयी बोलू लागल्या. काल उकाडा होता, आज आहे, उद्याही असेल. थोरली लवकर जेवून उठली. दाराबाहेर पोचते न पोचते तोच मागे हशा पिकला. तो हशा तिच्यावर नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बिजलीला तिने विचारलं. बिजलीने खांदे उडवले.

"तू आलीस की त्यांना मुकादम दिसतो. तुझा काय दोष? खुर्चीचा गुण आहे तो."

"आणि तुला?"

"मला तू दिसतेस. पण हातात कागद धरलेली."

घरी परतल्यावर थोरलीशी बोलायला भिंतीच होत्या. नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात, तिचा फोन धावता. नवरा मात्र बंदराला लागला की मनसोक्त बोलायचा. तिने त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की जहाजावर कप्तानाचं ताट मीच त्याच्या खोलीत नेतो. माणूस चांगला आहे, पण जेवतो एकटाच, आणि मी ताट ठेवल्यावर उगाचच मीठ कमी आहे का, जास्त आहे का, असं काहीबाही विचारत मला थांबवून धरतो. थोरलीने विचारलं, मग तू थांबतोस का? तो म्हणाला, थोडा वेळ थांबतो, पण खाली बाकीचे वाट बघत असतात ना.

तिने हार मानली नाही. एका सकाळी तिने सांगून टाकलं की इथून पुढे जिने आपली चूक स्वतः सांगितली, तिला शिक्षा नाही, बोलणं नाही, काही नाही. आणि सुरुवात स्वतःपासून केली. परवा लहान मुलांच्या कक्षाच्या चादरी मी घाईत दुसऱ्याच मजल्यावर पाठवल्या, तिकडे मुलांना उघड्या गादीवर निजावं लागलं, चूक माझी. बायकांनी ऐकून घेतलं. मावशी नंतर एकटीला गाठून म्हणाल्या, "बाई, तू चांगलं बोलतेस. पण आम्ही इतकी वर्षं शिव्या खाल्ल्यात. गोड बोललं की आम्हाला वाटतं, आता पुढे काय वाढून ठेवलंय?"

आठवडे गेले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसं चाललं होतं. आणि मग एके दिवशी, बैठक संपली असं समजून सगळ्या पांगणार, एवढ्यात बिजलीने हात वर केला. शाळेत करतात तसा. दोघीतिघी हसल्यासुद्धा.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर होतात. बरेच दिवस झाले. काल चादर लावताना बोटांना कळलंच नाही की चादर सुटली नाहीये. हात चादरीबरोबर आत चालला होता. धाकटीने लाल दांडी दाबली म्हणून वाचले."

धाकटी म्हणजे थोरलीच्या जागी रोलरवर आलेली नवी मुलगी. ती पांढरीफटक होऊन उभी होती. लाल दांडी रोलरच्या तोंडाशी असते, ती दाबली की रोलर थांबतो.

सगळ्यांचे डोळे थोरलीकडे वळले. तिच्या डोळ्यांपुढे तो हात दिसत होता, तो चपळ, बडबड्या बाईचा हात, तापलेल्या लोखंडाखाली चाललेला. आधी ऐकावं, मग विचारावं, हे सगळं शिकलेलं ती विसरली.

"आजपासून तू रोलरवर उभी राहायचं नाहीस," ती म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्याहून वर चढला. "शिलाईच्या कोपऱ्यात बस. आत्तापासून."

बिजलीने कमरेचं रोलरवरचं जाड कातडी एप्रन सोडलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि शिलाईच्या कोपऱ्याकडे निघून गेली. बायकांच्या मनात काय चाललं होतं ते वाचायला थोरलीला चष्मा लागत नव्हता. जी खरं बोलली तिची जागा गेली.

साहेबांना कळलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, बघा, तुमच्या बैठकीने एक हात वाचवला, मी हे सगळ्या प्रमुखांच्या सभेत सांगणार आहे. थोरलीने मान हलवली आणि बिजलीचा दर्जा आणि पगार होता तसाच राहावा एवढं मागून घेतलं. साहेब लगेच हो म्हणाले. वरच्या डॉक्टरांनी बिजलीला तपासलं. मनगटात शीर दबली आहे, छोटी शस्त्रक्रिया करू, थोडा फरक पडेल, असं सांगितलं. कागदावर बघाल तर सगळं रीतसर झालं होतं. आणि त्याच दिवसापासून बिजली तिला 'तुम्ही' म्हणू लागली.

"टाके झाले का?" थोरलीने विचारलं की, "होतायत, तुम्ही बघून घ्या," असं उत्तर यायचं. आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरली भांडली असती. त्या 'तुम्ही'ला कुठून धरायचं हेच तिला कळेना.

बैठका आता लवकर आटपू लागल्या. काही आहे का? काही नाही. चला.

एका दुपारी ती भट्टीसारख्या तापलेल्या रोलरच्या मागून जात होती. वाफेतून तिला शिलाईचा कोपरा दिसला. मावशी तिथे वाकून उभ्या होत्या, आपलं टेबल सोडून. बिजलीच्या मांडीवर फाटकी चादर होती आणि टाके मावशी घालत होत्या, भराभर, इकडेतिकडे बघत. बिजली नुसती कापड धरून बसली होती. मावशी गेल्यावर तिने सुई उचलली. सुई बोटांतून घसरली. तिने ती पुन्हा उचलली, पुन्हा घसरली. डाव्या हाताने उजवा अंगठा वळवून बघितला तर तिथे रक्ताचा टिपूस होता, आणि तिला तो टोचल्याचं कळलंही नसावं.

बोटं बधिर झालेल्या बाईला थोरलीने सुई दिली होती. कोपऱ्यात खुर्ची आहे, बसून काम आहे, एवढंच तिने पाहिलं होतं. आणि साऱ्या धुलाईखान्याला हे दिसत होतं, एक ती सोडून. कारण तिला सांगायला कुणी उरलं नव्हतं.

ती जाऊन बिजलीसमोरच्या उलट्या टोपलीवर बसली. मग बिजलीनेच तोंड उघडलं.

"रोलरवरून काढलंत ते बरोबरच होतं. तुमच्या जागी मी असते तर मीही काढलं असतं."

"मग?"

"मी रात्रभर विचार करून आले होते. धाकटी रडत होती, उद्या तिलाही इजा झाली असती. मीच सांगणार होते, मला आता रोलर नको. तुम्ही फक्त एवढं विचारायचं होतं, 'मग काय करू या?' माझ्या तोंडून आलं असतं. तुम्ही सगळ्यांसमोर मला उतरवलंत."

थोरलीच्या जिभेवर दहा उत्तरं आली. मी घाबरले होते. मला तुझा हात दिसत होता. तूच मला या खुर्चीत बसवलंस. यातलं तिने एकही बोलून दाखवलं नाही.

"आता विचारते," ती म्हणाली. "काय करू या?"

बिजलीने चादर बाजूला ठेवली. तिला वर जायचं होतं. स्वच्छ कपड्यांच्या गाड्या मजल्यामजल्यावर पोचवायचं काम. गाडी ढकलायला बोटं लागत नाहीत, दंड लागतात, आणि वर माणसं असतात बोलायला. म्हणजे दिवसभर ती तळघरात नसणार. समोरच्या कोपऱ्यात निदान दिसत तरी होती, आता दिसणारही नाही. थोरलीने क्षणभर खाली बघितलं आणि म्हणाली, उद्यापासून जा.

दुसऱ्या सकाळी तिने बैठकीत सगळ्यांना सांगितलं. निर्णय बरोबर होता, पण घेतला चुकीच्या रीतीने. आणि शिलाईचं काम देणं तर सरळ मूर्खपणा होता. यापुढे जी सांगेल तिलाच आधी विचारीन. बायकांनी ऐकलं, आणि नेहमीसारख्या कामाला लागल्या. बिजली मागे राहिली होती. ती जाता जाता धाकटीशी काहीतरी पुटपुटली, ते थोरलीला ऐकू आलं नाही.

काही दिवसांनी धाकटीने हात वर केला.

तिचा आवाज इतका बारीक की धुण्याचं यंत्र बंद करावं लागलं. ती म्हणाली की त्या दिवशी लाल दांडी पहिल्यांदा दाबली तेव्हा रोलर थांबलाच नव्हता. दुसऱ्यांदा जोरात आपटली तेव्हा थांबला. हे ती बोलली नव्हती, कारण रोलर बंद पडला की सगळ्यांचं काम दुप्पट होतं आणि शिव्या तिला बसल्या असत्या.

थोरलीच्या ओठांवर 'बंद करा रोलर' आलं होतं. ती ते दातांखाली धरून उभी राहिली.

"तुला काय वाटतं, काय करायला हवं?"

"बंद करायला हवा," धाकटी म्हणाली. "दुरुस्त होईपर्यंत."

मावशी म्हणाल्या, चादरी हाताने ताणून वाळवू, सुरकुत्या राहतील, सुरकुतीने कुणी मरत नाही. घडीवाल्या म्हणाल्या, आम्ही थोडं लवकर येऊ. एकीने विरोध केला, तिच्याशी दुसरी भांडली, आणि पहिल्यांदाच ती उभी बैठक इतकी लांबली की मावशींना खरोखर बसावं लागलं.

दुपारी साहेब धावत खाली आले. वर चादरी कमी पडल्या होत्या, डॉक्टरांचे फोनवर फोन येत होते. रोलर कुणी बंद केला, असं त्यांनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच मुकादमाच्या पट्टीत गेला होता. बायका पुन्हा फरशीकडे बघू लागल्या. थोरली पुढे झाली.

"आम्ही केला," ती म्हणाली. "ठरवलं सगळ्यांनी, जबाबदारी माझी."

साहेबांना जे ऐकवायचं होतं ते त्यांनी तिला बाजूला नेऊन ऐकवलं, आणि ते गोड नव्हतं. मला आधी का नाही विचारलंत, असा त्यांचा सूर होता. ती ऐकत राहिली. चूक सांगणाऱ्याला शिक्षा नको हे शिकायला त्यांनीच तिला पाठवलं होतं, पण त्याची आठवण करून द्यायची ती वेळ नव्हती. संध्याकाळी मिस्त्री आला, त्याने दांडीच्या मागचा भाग उघडला. आतली स्प्रिंग झिजून तुटायला आली होती. अजून थोडे दिवस गेले असते तर दांडी नुसती शोभेला उरली असती. साहेब ती स्प्रिंग हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, मग धाकटीपाशी जाऊन तिचे आभार मानले. थोरलीला काही म्हणाले नाहीत. त्यांना सुचलं नसावं.

तेव्हापासून तळघराला कंठ फुटला. कुणी सांगे की माझ्याकडून साबण जास्त पडला, कुणी म्हणे ढकलगाडीचं चाक अडकतं, कुणी नुसतीच तक्रार करायची हौस भागवून घेई. बायका एकमेकींतच वाद घालून तोडगा काढायच्या, आणि थोरली शेवटी बोलायची तेव्हा बऱ्याचदा बोलायला काही उरलेलं नसायचं. प्रशिक्षणातल्या बाईंना हे दिसलं असतं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. जेवणाच्या बाकावर मात्र ती गेली की अजूनही उकाडा निघायचा. तिने जाणं कमी केलं. आपल्या छोट्या खोलीत, काचेच्या दाराआड, डबा उघडायचा, आणि बाहेरचं हसणं कशावर असेल याचा अंदाज बांधत जेवायचं. नवऱ्याला ती फोनवर म्हणाली, कप्तानाला सांग, मीठ बरोबर आहे. तो म्हणाला, म्हणजे काय? ती म्हणाली, काही नाही, ताट ठेवल्यावर जरा जास्त वेळ थांबत जा.

बिजलीच्या हाताची शस्त्रक्रिया झाली. रजेनंतर ती पुन्हा गाड्या पोचवू लागली. एका सकाळी बैठक चालू असताना ती रिकामी गाडी घेऊन दारात आली.

"मॅडम, तुमच्या उशांचे अभ्रे ओले येतायत वर," ती म्हणाली. "पेशंट विचारतात, कुणी रडून पाठवलेत का?"

बायका खळखळून हसल्या. थोरलीने हाताचं विचारलं. बरा आहे, बोटांना थोडं थोडं कळायला लागलंय, पण अजून सुई धरवत नाही, असं बिजली म्हणाली आणि जरा हसली. त्या हसण्यात जुनं वैर नव्हतं, जुनी ओळखही नव्हती. लिफ्ट थांबवून ठेवली होती, म्हणून ती लगेच गेली.

अभ्र्यांचं काय ते बघावं म्हणून थोरली दुपारी स्वतः वर गेली. जिन्याच्या वळणावर तिला बिजलीचा आवाज ऐकू आला. ती दोन परिचारिकांना कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. त्या भिंतीला टेकून हसत होत्या, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अगं, ऐक तर पुढचं," बिजली म्हणत होती, "तुला खरं वाटणार नाही."

थोरली कठड्याला धरून उभी राहिली. पुढचं तिलाही ऐकायचं होतं. नक्कल कुणाची हेही तिने ओळखलं, ती सासूचीच होती, आणि तिच्यातली शेवटची ओळ थोरलीला तोंडपाठ होती. पण ती वर गेली असती तर बिजलीने गोष्ट थांबवली असती, मान जराशी झुकवली असती आणि विचारलं असतं, काही हवं होतं का तुम्हाला?

ती शेवटच्या ओळीपर्यंत थांबली. हशा झाला. मग ती दुसऱ्या जिन्याने कक्षात गेली, कपाट उघडून अभ्रे हातांनी चाचपून पाहिले. खरंच दमट होते.